पाणकोंबडीचं तिसरं नाव

जगात कुठंतरी विद्वानांची एक समिती आहे. ती वर्षातून एकदा बसते आणि पाखरांची नावं बदलते. एका पाखराची दोन करते, दोघांचं एक करते, कुणाच्या नावापुढं 'ईस्टर्न' चिकटवते, कुणाचं 'कॉमन' काढून घेते. या लोकांना घरी काही कामधंदा नसावा असा माझा समज होता, आणि तो पुरता गेलाय असं आजही म्हणवत नाही. त्यांच्या बैठकीत चहा कसला मिळतो ठाऊक नाही. पण बैठकीचा फटका देगलूर तालुक्यात माझ्या मामाला बसला, म्हणून मला समितीचा पत्ता लागला.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, व्यंकटी सोनकांबळे. वय सत्तावन्न, शिक्षण सातवी पास. देगलूरपासून बारा किलोमीटरवर एक मोठा तलाव आहे, तिथं तो सव्वीस वर्षं रोजंदारीवर राखणदार आहे. कोणत्या खात्याचा, ते लिहीत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि मला अजून अकरा वर्षं नोकरी करायची आहे. सव्वीस वर्षांत खात्यानं मामाला कायम केलं नाही, पण एक शिट्टी दिली, एक काठी दिली आणि दर दोन वर्षांनी एक खाकी शर्ट दिला. शर्ट नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा असे.

पाखरं ओळखणं हे त्याचं काम नव्हतं. मासे चोरणाऱ्यांना हुसकावणं आणि सांडव्यावर सेल्फी काढणाऱ्यांना जिवंत घरी पाठवणं, एवढंच काम होतं. पण माणूस सव्वीस वर्षं एका बांधावर चालला की त्याला शेजारी कोण राहतं हे कळतंच. कोणती बदकं कोणत्या पंधरवड्यात उतरतात, टिटवीनं यंदा अंडी बांधाच्या कोणत्या अंगाला घातली, हे त्याला घरच्या लेकराबाळांसारखं माहीत. हळूहळू हैदराबादचे, लातूरचे, नांदेडचे पक्षीवाले येऊ लागले. हे लोक ओळखायला सोपे. अंगात मातीच्या रंगाचा, बारा खिशांचा सदरा, गळ्यात गावातल्या दुकानाच्या भांडवलापेक्षा महाग कॅमेरा, आणि बोलणं असं दबक्या आवाजात, की जणू आत कुणाचं तरी बाळंतपण चालू आहे. मामा त्यांना पुढं घालून न्यायचा, बोट दाखवायचा, ते फोटो काढायचे. मग त्यांच्या अहवालात छापून यायचं, 'आम्हांस आढळले.'

मामाची तक्रार नव्हती. त्याला तलाव हवा होता, बास. लग्न त्यानं केलं नाही. घरी आमची आज्जी, सरजाबाई, ऐंशीच्या पुढची, आणि बाहेर तलाव. एवढ्यात त्याचं भागत होतं.

गेल्या वर्षी खात्याला तलावाचा विकास करायची लहर आली. विकास म्हणजे एक कमान, दोन शौचालयं (एकाला पाणी नाही) आणि एक परिपत्रक. यापुढं तलावावर फक्त 'प्रमाणित पक्षी मार्गदर्शक' राहतील. त्यासाठी नांदेडला परीक्षा. पडद्यावर पन्नास पाखरांची चित्रं दाखवणार, उमेदवारानं प्रत्येकाचं इंग्रजी नाव लिहायचं, तेही इंग्रजी लिपीत. स्पेलिंग चुकलं की गुण नाही. तीस गुणांना पास. जो पास होणार नाही, त्याची रवानगी तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला, रोपवाटिकेत, पिशव्यांत माती भरायला.

मामा परिपत्रक घेऊन माझ्याकडं आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला, "पोरी, मातीला मी भीत न्हाई. पर तिथं पाणी न्हाई बघ. पाण्याबगर मला जमायचं न्हाई."

आता मी इंग्रजीची शिक्षिका, वरून भाची. मी म्हटलं, मामा, काळजी सोड. मामाकडं एका साहेबाचं पंचवीसेक वर्षांपूर्वी तलावावर विसरून राहिलेलं पाखरांचं एक इंग्रजी पुस्तक होतं. बांधणी सुटलेली, पण चित्रं शाबूत. दुसरं पुस्तक बघावं असं माझ्या डोक्यात आलंच नाही. पुस्तक म्हणजे पुस्तक, त्यात छापलंय म्हणजे खरं असणार, हे मी पोरांना वीस वर्षं शिकवत आलेय. शिकवता शिकवता माझाही त्यावर विश्वास बसला होता.

रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. मामाला इंग्रजी अक्षरं येत होती, शब्द येत नव्हते. पण त्याच्या पिढीकडं एक विद्या होती, ती आमच्या प्रशिक्षणात कुणी शिकवत नाही. पाढे म्हणावेत तशी स्पेलिंगं चालीवर म्हणायची. मामा बांधावरून चालायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "पी-यू-आर-पी-एल-ई पर्पल, एम-डबलओ-आर-एच-ई-एन मूरहेन, पर्पल मूरहेन म्हणजे जांभळी पाणकोंबडी!" एका पायाला एक अक्षर. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा पाखरं व्हायची, परतीत अकरा. म्हशी राखणाऱ्या बायकांना पंधरा दिवसांत क्रो-फेजंट पाठ झाला. गावात बोलवा उठली की व्यंकटीला उन्हाचं लागलंय.

तीन महिन्यांत त्यानं सव्वाशे नावं घोटली. भारद्वाज म्हणजे क्रो-फेजंट. नीळकंठ म्हणजे ब्लू जे. खंड्या म्हणजे व्हाइट-ब्रेस्टेड किंगफिशर. ठिपकेवाली मुनिया म्हणजे स्पॉटेड मुनिया. मी कुठूनही विचारावं, उत्तर तयार. मला स्वतःचा एवढा अभिमान वाटायला लागला की मी शाळेत दोघीतिघींना सांगूनही टाकलं. परीक्षेला वीस दिवस उरले होते.

तेव्हा अनय आला. हा लातूरचा, तिथल्या क्लासमध्ये डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी पाखरं बघतो. मुलगा गुणी, फक्त त्याला सगळं माहीत असतं. मामानं मोठ्या हौसेनं त्याला वही दाखवली. अनयनं दोन पानं उलटली, तिसरं उलटलं, आणि चेहरा असा केला की जणू मामाच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. ही सगळी नावं बदलली म्हणाला. काही तर दोनदा बदलली.

मग त्यानं मोबाइलमधली यादी काढली. पर्पल मूरहेनचं मध्ये पर्पल स्वॅम्फेन झालं होतं आणि आता ते ग्रे-हेडेड स्वॅम्फेन आहे. क्रो-फेजंटचा ग्रेटर कौकल झाला. ब्लू जे हा जे नव्हताच, तो इंडियन रोलर. मुनिया स्पॉटेडची नटमेग झाली, मग नटमेगची स्केली-ब्रेस्टेड झाली. गायबगळ्याचे तर परवाच दोन झाले, पश्चिमेकडचा वेगळा आणि आपला ईस्टर्न. गव्हाणी घुबडाचंही तेच, आपल्या वाट्याला ईस्टर्न बार्न आउल आलंय. मामा शांतपणे ऐकत होता. मीच आतल्या आत ओशाळून बसले होते. सव्वाशेतली साठएक नावं मी माझ्या हातानं चुकीची घोटून घेतली होती.

मामानं दोनच प्रश्न विचारले. पहिला असा, की पाणकोंबडीचं डोकं करडं आहे हे त्यांना आत्ता दिसलं का, ते तर पहिल्यापासून करडंच आहे. अनयनं समजावलं, की या पाणकोंबड्या जगभर आहेत, आधी सगळ्या एकच समजत होते, नंतर कळलं की आफ्रिकेतली वेगळी, ऑस्ट्रेलियातली वेगळी, आपली वेगळी, म्हणून प्रत्येकीला तिचं तिचं नाव दिलं. हे मामाला पटलं. वेगळी आहे तर वेगळं नाव पाहिजे, म्हणाला. दुसरा प्रश्न खंड्याचा होता. त्याची छाती पांढरी होती, आता यादीत नुसता गळा पांढरा कसा काय झाला? व्हाइट-थ्रोटेड का? यावर अनय पुन्हा मोबाइलमधली यादी वरखाली करू लागला. समितीला तरी हे सांगता आलं असतं की नाही, मला शंका आहे.

माझा मात्र तोल गेला. अनय गेल्यावर मी त्या समितीच्या सात पिढ्या उद्धरल्या. मामा म्हणाला, "त्यांचं काय चुकलं? बघून बघून कळालं, तसं बदललं. उगी रागं नको भरू." आणि वही उघडून त्यानं जुन्या नावांवर एकेक आडवी रेघ मारायला घेतली.

पाठ करणं सोपं असतं, पाठ केलेलं पुसणं महाकठीण. ते वीस दिवस मामा बांधावर "जी-आर-ई-वाय ग्रे" असं सुरू करायचा आणि तिसऱ्या पावलाला पायच "पर्पल" म्हणायचे. मग तो थांबायचा, मागं जायचा, पुन्हा पहिल्या दगडापासून सुरू करायचा. आज्जीनं मला विचारलं, तू याला काय शिकवलंस, झोपेत इंग्रजीत भांडतोय. पण विसाव्या दिवशी त्याला सगळी नवी नावं आली. सगळी. मी उलटसुलट विचारून पाहिली.

परीक्षेला नांदेडला मीच घेऊन गेले. बाहेर आला तेव्हा मामाच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, जे मी याआधी फक्त पाहुणी बदकं उतरल्यावर पाहिलं होतं. पन्नासची पन्नास लिहिली म्हणाला. आम्ही स्टँडवर भजी खाल्ली.

निकाल लागला. पन्नासपैकी चोवीस. नापास.

मी त्याच आठवड्यात रजा टाकली आणि मामाला घेऊन पुन्हा नांदेड गाठलं. या परीक्षेचे प्रमुख उमाशंकर नावाचे साहेब होते. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी मागवलं, पेपर काढून दाखवला. मामाच्या वळणदार अक्षरात पन्नास नावं आणि त्यांतल्या सव्वीस नावांवर लाल फुल्या. ग्रे-हेडेड स्वॅम्फेनवर फुली, इंडियन रोलरवर फुली. शेजारी साहेबांनी खात्याची उत्तरसूची ठेवली. पर्पल मूरहेन. क्रो-फेजंट. ब्लू जे. खात्यानं उत्तरं काढली होती ती आमच्याकडं होतं त्याच, अगदी त्याच, तीस वर्षं जुन्या पुस्तकातून. कार्यालयाच्या कपाटात त्याची एक प्रत होती आणि तिची बांधणी आमच्यापेक्षा बरी होती.

म्हणजे मामा वीस दिवस आधी परीक्षेला बसला असता तर पैकीच्या पैकी मिळाले असते. बरोबर उत्तर शिकला म्हणून गडी नापास झाला.

मी अनयची यादी छापून नेली होती. ती साहेबांसमोर पसरली. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेले होते, तरी चढला. त्यांनी यादी दोन्ही बाजूंनी पाहिली. मग म्हणाले, "मॅडम, बाहेर बदलली असतील नावं. आमच्या रेकॉर्डला बदललेली नाहीत. एकदा रेकॉर्डला लागलं की लागलं."

मी तोंड उघडणार, तोच मामा बोलला. "हाव साहेब. आमच्या हेडमास्तरनंबी असंच सांगितलं होतं."

साहेबांना यातलं काही कळलं नाही. मला कळलं.

ही गोष्ट आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. आमच्या आजोबांनी बाबासाहेबांच्या मागं धम्म घेतला, तो नुसता फोटो लावण्यापुरता नाही. मुलगा झाला तेव्हा विहारात भंतेजींकडून नाव ठेवून घेतलं, सुगत, बुद्धाचंच एक नाव. सहा वर्षांचा झाल्यावर त्याला शाळेत घालायला नेलं. हेडमास्तर म्हणाले, असलं नाव आमच्या रजिस्टरात नसतं, तुमच्या लोकांत कुणी ठेवतं का असलं. तो शनिवार होता. शनिवार आमच्या या सीमाभागात व्यंकटेशाचा वार. मास्तरांनी दौतीत टाक बुडवला आणि आपल्या मनानं लिहिलं, व्यंकटी. आजोबा तीनदा दुरुस्तीला गेले. तिन्ही वेळा तेच उत्तर, एकदा रेकॉर्डला लागलं की लागलं. तेव्हापासून शाळेचा दाखला व्यंकटी, रेशनकार्ड व्यंकटी, मतदान व्यंकटी, खात्याचा हजेरीपट व्यंकटी. सारं गाव व्यंकटी म्हणतं. सुगत म्हणणारी एक आज्जीच उरलीय. तिनं पन्नास वर्षांत एकदाही दुसरं नाव तोंडातून काढलेलं नाही, आणि कुणी दारात येऊन व्यंकटी आहे का विचारलं तर ती सांगते, इथं असलं कुणी राहत न्हाई.

साहेबांना मात्र आमची दया आली. फेरपरीक्षा घेता येईल, तोवर रवानगी थांबवतो म्हणाले. त्यासाठी एक विनंती अर्ज लागेल, आणि त्यात लिहावं लागेल की उमेदवाराने अनवधानाने चुकीची नावे लिहिली. मी म्हटलं, मी मेले तरी हे लिहिणार नाही. मामानं माझ्या पर्समधून पेन काढलं आणि माझ्या हातात दिलं. "लिही पोरी. मला तळं पाहिजे."

मी लिहिला. वीस वर्षांच्या नोकरीत इतकं शुद्ध आणि इतकं खोटं मराठी मी कधी लिहिलं नव्हतं. खाली मामानं सही केली, व्यंकटी.

पुढचे दोन महिने तो पुन्हा बांधावर पर्पल मूरहेन म्हणत फिरला. नवी नावं पुसायची नव्हती, बाजूला ठेवायची होती. खात्यासाठी एक आणि पाण्यासाठी एक, असा त्यानं हिशोब लावला. फेरपरीक्षेत त्याला एकोणपन्नास मिळाले. एक गुण गेला, कारण बार्न आउलच्या आधी चुकून ईस्टर्न लिहिलं. साहेबांनी कौतुक केलं, प्रगती आहे म्हणाले. गळ्यात अडकवायचं एक ओळखपत्र मिळालं. त्यावर फोटो, शिक्का आणि ठळक इंग्रजी अक्षरांत व्यंकटी. मी त्यावरून एक वाकडा शब्द बोलले, तर मामा म्हणाला, तळ्यावर राहायला मिळालं ना, मग.

थंडीत लातूरहून पक्षीवाल्यांची एक टोळी आली. बारा खिशांचे सदरे, तीच कुजबुज. रविवार होता, म्हणून मीही मामाचा डबा घेऊन गेले होते. टोळीच्या म्होरक्या सौदामिनीबाई, बँकेतून निवृत्त झालेल्या, साठीच्या, गळ्यात दुर्बीण आणि हातात वही. बाई दिसेल ते लिहीत होत्या. मामा बोट दाखवायचा आणि नाव सांगायचा, ते खात्याचं नव्हे, पाण्याचं. ग्रे-हेडेड स्वॅम्फेन, नऊ. ईस्टर्न कॅटल एग्रेट, चाळीसेक. बाई मध्येच थांबून मोबाइलमध्ये बघायच्या आणि मान डोलवायच्या. एका ठिकाणी त्यांनी स्वतः लिहिलेलं नाव मामानं दुरुस्त केलं, तर त्यांनी जुनं खोडून नवं लिहिलं आणि थँक्यू म्हटलं.

शेवटी बांधावर बसून त्यांनी यादी पुरी केली. यादीच्या खाली मार्गदर्शकाचं नाव लिहायची त्यांची पद्धत होती. त्यांनी मामाला नाव विचारलं.

मामा म्हणाला, "सुगत. सुगत सोनकांबळे."

बाईंची नजर त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली आणि तिथलं वाचून त्यांनी वहीत लिहायला घेतलं.

"ते जुनं नाव हाय," मामा म्हणाला. "बदललंय."

मी वाट बघत राहिले, की आता विचारतील, का बदललं, कधी बदललं, कुणी बदललं, कागद आहे का. त्या पाखरांच्या बाई होत्या. त्यांनी 'अच्छा' म्हटलं, वहीत व्यंकटीचा व लिहून झाला होता तो खोडला, आणि पुढं स्वच्छ अक्षरात सुगत लिहिलं.